चार मिनिटांचा पूल

‘निरोप्या’चा आठवा भाग करायचं काम धाकलीकडे आलं, तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी तिचं तोंड भरून अभिनंदन केलं आणि मनातल्या मनात हुश्श केलं. बला दुसऱ्याच्या गळ्यात पडली होती. ज्या व्हिडिओ गेमचे सात भाग लोकांनी डोक्यावर घेतलेत, त्याचा आठवा भाग करणं म्हणजे परक्याच्या घरात शिरून सामान हलवणं. काहीच हलवलं नाही तर लोक म्हणतात, तेच ते किती दिवस? आणि एखादी खुर्ची इकडची तिकडे केली की म्हणतात, आमच्या खुर्चीला हात कोणी लावला?

धाकलीचं खरं नाव ऑफिसात कोणी घेत नसे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी पहिला भाग केला त्यांना सगळे ‘थोरले’ म्हणत, त्यामुळे ही ओघानेच ‘धाकली’ झाली. वय चौतीस, बोलणं तुटक, हट्ट मात्र थोरल्यांच्याही वरताण.

गेम अगदी साधा होता. निरोप्या नावाचा एक मुका माणूस पाठीवर पत्रांची पिशवी घेऊन डोंगर, दऱ्या आणि ओसाड गावं ओलांडतो आणि ज्याचं पत्र त्याच्या हातात नेऊन देतो. ना बंदुका, ना राक्षस. चुकलं की दरीत पडायचं, आणि पुन्हा मागच्या गावापासून सुरुवात. धाकली नऊ वर्षांची होती तेव्हापासून ती हे खेळत आली होती, आणि मोठेपणी आपण कोण होणार हे तिला तिथेच कळलं होतं.

प्रत्येक भागात एक झुलता पूल असे. तो ओलांडायला बरोबर चार मिनिटं लागत आणि त्या चार मिनिटांत काही म्हणता काही घडत नसे. फळ्या कुरकुरत, वारा वाहत असे, निरोप्या आपला चालत राही. हा पूल का होता हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या भागाच्या काळातली यंत्रं जरा ओझं पडलं की धापा टाकायची. दरीपलीकडचा मुलूख यंत्रात भरायला चार मिनिटं लागायची. पडद्यावर ‘कृपया थांबा’ असं लिहायची थोरल्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी पूल बांधला. पुढे यंत्रं सुधारली, पण पूल काढायची कोणाची छाती झाली नाही.

धाकलीने तो काढला. शिवाय निरोप्याच्या जागी एक पोरगी आणली, जी त्याच्यासारखी जपून पावलं टाकत नाही, धावते. आणि मग व्हायचं तेच झालं.

गेम विकणाऱ्या कंपनीने आधीच अट घातली होती. जुन्या चाहत्यांपैकी तीस जणांना बोलवायचं, दोन तास खेळायला द्यायचं आणि शेवटी कागदावर एकच प्रश्न विचारायचा: पुढे खेळाल का? वीस जणांनी ‘हो’वर खूण केली तर आठवा भाग निघणार. नाही तर पहिल्याच भागाला रंगरंगोटी करून तो पुन्हा बाजारात आणायचा, धाकलीच्या टोळीतली अकरा माणसं इतर कामांवर वाटून टाकायची आणि ‘निरोप्या’ची नवी गोष्ट कायमची बंद. अशा तीन चाचण्या मिळणार होत्या. कंपनीकडून एक मॅडम येत, हातात पुठ्ठा आणि कागद घेऊन मागे उभ्या राहत. त्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नव्हता आणि त्या हे अभिमानाने सांगत.

पहिल्या चाचणीला पूलवाला आला. हे त्याने चाहत्यांच्या चर्चेच्या पानावर घेतलेलं नाव. पन्नाशीला टेकलेला, बस चालवणारा, गप्प गप्प माणूस. पण लिहायला बसला की आकडे घालून तक्रारी लिहायचा. दुसऱ्या भागापासून त्याची पत्रं येत होती आणि त्यांतलं एकही पत्र बारा मुद्द्यांपेक्षा कमी नव्हतं. खेळता खेळता तो दरीपाशी आला, पुढे सरकला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोरगी पलीकडे पोचलेली. त्याने कंट्रोलर खाली ठेवला.

“पूल कुठाय?”

चाचणी चालू असताना गेम करणाऱ्यांनी खेळणाऱ्यांशी बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. तो उठून निघून गेला. त्याच्या मागोमाग आणखी नऊ जण गेले. ‘हो’ म्हणणारे अकरा.

दुसऱ्या चाचणीसाठी धाकलीने नाक मुठीत धरून पूल परत आणला. फळी न् फळी जुन्या मापाची. तो दिसताच लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींच्या तर डोळ्यांत पाणी आलं. आणि दीड मिनिटाने सगळ्यांनी फोन बाहेर काढले. पूलवाल्यानेही जांभई दिली. कागदावर त्याने लिहिलं, ‘पूल आहे खरा. पण काहीतरी बिनसलंय. काय ते सांगता येत नाही.’ या खेपेला ‘हो’ म्हणणारे चौदा.

“पूल काढला तर रडतात, ठेवला तर जांभया देतात,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या चाहत्यांना हवंय तरी काय?”

धाकलीला हे माहीत असतं तर ती अशी भिंतीला टेकून उभी राहिली असती का? ती थोरल्यांच्या खोलीत गेली. थोरले आता आठवड्यातून दोनच दिवस येत, खिडकीपाशी बसून कागदावर चक्रव्यूह काढत आणि ते कोणाला दाखवत नसत.

“पुलाचं काय करू?” तिने सरळ विचारलं.

“मला कशाला विचारतेस?” थोरले वर न बघता म्हणाले. “मला तो पूल इतका नकोसा होता की तो आला की मी यंत्र तसंच चालू ठेवून हात धुवायला जायचो. माझ्यापेक्षा जास्त वेळ त्या पुलावर तूच असशील.”

“मी लहान होते. मला काही आठवत नाही.”

“मग ज्याला आठवत असेल त्याच्याकडे जा. माझं डोकं नको खाऊस.”

रविवारी दुपारी ती दादाकडे गेली. दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि गेले दोन महिने तो बहिणीवर रुसलेला होता. दार उघडल्या उघडल्या त्याने तोफ डागली.

“गिऱ्हाईक डोळे तपासायला येतं आणि मला विचारतं, तुमच्या बहिणीने पूल का काढला? मी काय सांगू? डोक्यावर पडली म्हणून?”

“आत तर येऊ दे.”

“ये. पण जेवायला बसलीस की मी बोलणार आहे.”

जेवताना तो बोलला, जेवण झाल्यावरही बोलला. शेवटी वहिनीनेच कंटाळून कपाटाच्या वरच्या खणातून त्यांचं जुनं यंत्र काढून दिलं आणि म्हणाली, “भांडायचंय तर खेळून भांडा, निदान ऐकवत तरी नाही.” दोघं जमिनीवर बसली. मागे पलंगावर दादाची दहा वर्षांची लेक पालथी पडून बघत होती.

पहिला भाग सुरू झाला. दादाने निरोप्याला डोंगर चढवला, दोन गावं केली, एकदा दरीत पाडला, त्याबद्दल यंत्राला दोष दिला, आणि मग पूल आला. निरोप्याने पहिल्या फळीवर पाय ठेवला. त्याच क्षणी दादाने पडद्यावरची नजर न हलवता कंट्रोलर डावीकडे धरला आणि धाकलीनेही न बघता तो घेतला.

“बाबा, तू आत्याला का दिलंस?” पलंगावरून प्रश्न आला. “तू कुठे पडलास?”

“पूल आला ना.”

“मग?”

“पूल आला की आत्याची पाळी,” दादा म्हणाला. हात-पाय का धुवायचे असं कोणी विचारलं तर ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

धाकलीचा अंगठा जागच्या जागी थांबला. पडद्यावर निरोप्याही पुलावर थांबला. पंचवीस वर्षं तिला हे ठाऊक होतं आणि एकदाही सुचलं नव्हतं. नियम आईचा होता. आईला गेममधलं ओ की ठो कळत नसे, पण पुलावर कोणी मरत नाही एवढं तिने ओळखलं होतं. तिथे हात बदला म्हणजे भांडण नको. आणि मग ती चार मिनिटं दादा तिच्या कानाशी बडबडत राही: पुढे डावीकडे वळ, त्या म्हातारीचं पत्र आधी दे, उडी आत्ता नको, आत्ता नको, हां आत्ता! ती खेळायला शिकली ती तिथे.

तिने लगेच आईला फोन लावला.

“मी सांगितलं होतं असं?” आई म्हणाली. “असेल बाई. तुम्ही दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटत होता, काहीतरी तोडगा काढला असेल. जेवलीस का?”

सोमवारी सकाळी धाकलीने मोजणीला गाठलं. मोजणी म्हणजे चाचण्यांचं काम बघणारी बाई; जगातली कुठलीही गोष्ट तक्त्यात बसवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पंचवीस वर्षांतली सगळी पत्रं तिने संगणकात घालून ठेवली होती आणि ‘पूल’ हा शब्द सहाशे बारा वेळा आला आहे हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. तिच्या तक्त्यात त्यापुढे एकच शेरा होता: पूल हवा.

“तो शब्द ज्या वाक्यात आलाय ते वाक्य वाच,” धाकली म्हणाली.

“सगळी?”

“सगळी. मोठ्याने.”

मोजणी वाचू लागली. ‘पूल आला की भाऊ हातातलं काम टाकून यायचा.’ ‘पूल लागला की मी बायकोला हाक मारतो, ती मला अजून हसते.’ ‘मी हॉस्पिटलात होते तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या मुलीला पुलावर खेळायला द्यायचे, तिचं नाव विचारायचं राहिलं.’ दहा वाक्यं झाली, वीस झाली. कॉफीच्या यंत्रापाशी उभी असलेली माणसं कप घेऊन जवळ आली. प्रोग्रामर, जो कोणाचंही कधी ऐकून घेत नसे, खुर्ची ओढून बसला. अकरा हुशार माणसं, त्यांनी शब्द मोजला होता आणि वाक्य कोणी वाचलं नव्हतं. मोजणीचा चेहरा इतका उतरला की धाकलीनेच तिच्या पाठीवर थाप मारली.

“माझ्या घरात घडत होतं,” ती म्हणाली, “आणि मीच पूल तोडायला निघाले होते. तू कशाला वाईट वाटून घेतेस?”

पुढचे तीन आठवडे कामाचा नुसता धडाका होता. नव्या गेममध्ये निरोप्याच सुरुवात करणार, तोच जुना, जपून चालणारा. जांभया नकोत म्हणून पूल दोनच मिनिटांचा, आणि त्याच्या मध्यावर समोरून पोरगी येणार. निरोप्या थांबणार. पडद्यावर ना बाण, ना सूचना. खेळणाऱ्याने कंट्रोलरवरची बोटं उचलली की पिशवी निरोप्याच्या खांद्यावरून सुटणार, आणि पुन्हा कोणी बोटं टेकवली की ती पोरीच्या खांद्यावर चढणार. तिथून पुढे पोरगी.

“आणि एकट्याने खेळणारा?” प्रोग्रामरने खोडा घातला.

“तो खाली ठेवेल आणि पुन्हा उचलेल.”

“त्याला वाटेल यंत्र बिघडलं.”

“वाटू दे थोडा वेळ.”

तिसऱ्या चाचणीला प्रत्येक चाहत्याने सोबत एक माणूस आणावा, आणि एका यंत्रापुढे दोन खुर्च्या मांडाव्यात, असं तिने कळवलं. गेम न खेळणारा असेल तर उत्तमच. मॅडमनी कपाळाला हात लावला. “मी खुणा तीसच मोजणार,” त्या म्हणाल्या. “सोबत्यांच्या नाहीत.”

“चालेल,” धाकली म्हणाली.

चाचणी सकाळी दहाला सुरू झाली. एक शाळामास्तर आपल्या ताडमाड वाढलेल्या मुलाला घेऊन आले होते. दोन जावा आल्या होत्या, ज्या एकमेकींना तू आधी, तू आधी करत होत्या. पूलवाला मात्र एकटाच आला.

“सोबत कोणी नाही?” दारात नाव लिहून घेताना मोजणीने विचारलं.

“होता एक मित्र,” तो म्हणाला. “दुसऱ्या भागापर्यंत. मग तो परदेशी गेला. फोन करतो, पण याविषयी आम्ही बोलत नाही.”

त्याला शेवटची जागा मिळाली. शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

धाकली काचेपलीकडे उभी राहिली. आधीच्या दोन्ही वेळा ही खोली परीक्षेच्या वर्गासारखी चिडीचूप होती. आज पूल आला आणि गलका सुरू झाला. मास्तर मुलाला ओरडत होते, मुलगा मास्तरांना. दोघी जावा एकाच वेळी दाबत होत्या. पाच-सहा जणांना हा प्रकार मुळीच रुचला नाही हेही तिला दिसत होतं. एकाने तर सोबत आणलेल्या बायकोला कंट्रोलरला हात लावू दिला नाही आणि ती बिचारी खिडकीबाहेर बघत बसली.

आणि पूलवाला पुलाच्या मध्यावर अडला होता. समोर पोरगी उभी, इकडे निरोप्या उभा, आणि याची बोटं काही उचलत नव्हती. एक मिनिट गेलं. तीन गेली. काय करायचं हे त्याला कळलं नव्हतं असं नाही. त्याला ते चांगलंच कळलं होतं, म्हणूनच तो बसून होता. धाकलीला वाटलं, जाऊन त्याच्या शेजारी बसावं. पण नियम होता.

मॅडमना यंत्र बिघडलंय असं वाटलं. त्या पुठ्ठा सावरत त्याच्यामागे गेल्या आणि वाकल्या. “अडकलंय का?”

“बसा,” पूलवाला पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

“कोण, मी?”

“बसा हो. त्या पोरीला किती वेळ ताटकळत ठेवणार?”

काय वाटलं कोण जाणे, मॅडम बसल्या. त्याने कंट्रोलर त्यांच्यापुढे धरला आणि त्यांनी तो उलटा पकडला. त्याने तो सुलटा करून दिला. पिशवी पोरीच्या खांद्यावर चढली, पोरगी सुसाट सुटली आणि कठड्यावर जाऊन आदळली.

“डावीकडे! अहो, डावीकडे! तुमची डावी!”

“मग तसं सांगा ना! ओरडता कशाला?”

बसमध्ये दिवसभर तोंड मिटून बसणारा तो माणूस पुढचा तासभर थांबला नाही. मॅडम सात वेळा दरीत पडल्या. आठव्या वेळी त्यांनी एक पत्र त्याच्या मालकाच्या हातात नेऊन दिलं आणि इतक्या मोठ्याने “दिलं!” म्हणून ओरडल्या की शेजारच्या जावा दचकल्या.

वेळ संपल्याची घंटा झाली. कागद गोळा झाले. मोजणीने एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि आकडे वाचून दाखवले. एकोणीस ‘हो’. दहा ‘नाही’. आणि एका कागदावर कुठलीच खूण नाही. तो कागद दोन्ही बाजूंनी भरला होता, सतरा मुद्दे, आणि प्रश्नासमोरच्या दोन्ही चौकटी कोऱ्या.

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमचे केस विस्कटले होते आणि गाल लाल झाले होते.

“कोऱ्या चौकटीला मी ‘हो’ म्हणू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “नियम म्हणजे नियम.” मग त्यांनी तो कागद धाकलीच्या हातात दिला. “पण चाचणी संपली आहे. आता बोलायला कोणाची मनाई नाही. आणि तो माणूस अजून जिन्यातच असेल.”

धाकली धावली. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. पूलवाला खालच्या वळणावर कोट चढवत होता.

“तुम्ही खूण केली नाहीत,” ती धापा टाकत म्हणाली.

“कशावर?”

“पुढे खेळाल का, यावर.”

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने विचारलं होतं, उद्या श्वास घ्याल का. “मी सतरा मुद्दे लिहिलेत ते काय उगाच? ज्याला खेळायचं नाही तो कशाला लिहील? पूल आखूड केलात, तो पुन्हा चार मिनिटांचा करा. मॅडमना नीट शिकवायला मला वेळच पुरला नाही.”

“करते. पण खूण लागते. एकच कमी आहे.”

तो कुरकुरत कठड्यावर कागद ठेवून वाकला, खिशातलं पेन काढून ‘हो’वर खूण केली आणि खबरदारी म्हणून तिला गोलही केला. कागद तिच्या हातात दिला. दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

“अठरावा मुद्दा लिहायचा राहिला,” तो म्हणाला. “त्या पोरीलाही एक दिवस पुलावर कोणाच्या तरी खांद्यावर पिशवी द्यावी लागेल. नवव्या नाही तर दहाव्या भागात. ते कोण असणार हे आत्तापासून ठरवून ठेवा. ऐन वेळी आमच्यासमोर घोळ नको.”

“नववा?” धाकलीने विचारलं.

“मग? आठव्यावर थांबणार होता की काय?” असं म्हणून तो कोटाची बटणं लावत रस्त्यावर गेला. धाकली तिथेच पायरीवर बसली, हसली, रडली, आणि वरून अकरा माणसं हाका मारत असताना कागदाच्या तळाशी उरलेल्या जागेत अठरावा मुद्दा लिहू लागली.